वारंवार पडणारा खटका

गावात एखादी नवी वस्तू आली की तिच्यामागून तिच्याविषयीचे प्रश्नही येतात, आणि ते प्रश्न बहुधा प्रथम शाळेच्या दारी येतात. पत्र वाचून दाखविणे, अर्ज लिहून देणे, औषधाच्या बाटलीवरील मजकूर समजावून सांगणे ही कामे गावच्या शिक्षकाने वर्षानुवर्षे केली. आता सायंकाळी ओट्यावर टेकलेल्या शिक्षकाला शेजारी येऊन विचारतो, "गुरुजी, आमचा खटका सारखा पडतोय. मोठा बसवून टाकू का?"

प्रश्न साधा दिसतो. पण त्याला सहज "हो" असे उत्तर दिले गेले, तर त्या घराच्या भिंतीत हळूहळू आग तयार होऊ लागते. नुसते "नको" म्हटले तर शेजाऱ्याची अडचण तशीच राहते आणि तो दुसऱ्या कोणाचा तरी सल्ला घेतो. योग्य उत्तर देण्यासाठी खटका का पडतो हे समजून घ्यावे लागते. ते समजण्यास विजेच्या शास्त्राचे फार मोठे ज्ञान लागत नाही. गुणाकार-भागाकार, थोडे निरीक्षण आणि पुष्कळसा संयम एवढ्यावर काम भागते, आणि या तिन्ही गोष्टी शिक्षकाजवळ असतातच.

खटका म्हणजे काय

पूर्वी घराघरांत चिनीमातीचे फ्यूज असत, आणि जुन्या घरांतून ते अजूनही दिसतात. त्यात एक बारीक तार बांधलेली असते. मर्यादेबाहेर प्रवाह वाहिला की ती तार वितळते आणि वीज खंडित होते. ही युक्ती उत्तम होती. परंतु तार जळाल्यावर माणसे हाताशी सापडेल ती जाड तार बांधीत, आणि मग त्या फ्यूजला काही अर्थ उरत नसे.

या अडचणीवर उपाय म्हणून पुन्हा पुन्हा वर करता येईल असा स्वयंचलित खटका पुढे आला. आजच्या खटक्याचे मूळ रूप १९२४ साली जर्मनीतील मानहाइम या शहरी ह्यूगो श्टोट्झ यांच्या कारखान्यात सिद्ध झाले. दुकानात याला एमसीबी म्हणतात. त्याच्या लहानशा डबीत दोन पहारेकरी बसविलेले असतात.

पहिला पहारेकरी म्हणजे दोन निरनिराळ्या धातूंची एकावर एक जोडलेली पट्टी. उष्णतेने दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून प्रवाह वाढून पट्टी तापली की ती वाकते आणि खटका पाडते. हा पहारेकरी सावकाश काम करतो. प्रवाह थोडाच अधिक असेल तर तो पुष्कळ वेळ वाट पाहतो, बराच अधिक असेल तर मिनिटभरातही खटका पाडतो.

दुसरा पहारेकरी म्हणजे तारेचे एक वेटोळे. प्रवाह एकाएकी अनेक पटींनी वाढला की या वेटोळ्याचे चुंबकत्व प्रबळ होते आणि आतील लोखंडी दांडी ओढली जाऊन खटका सुमारे एका सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात पडतो. पहिला पहारेकरी सततच्या ओझ्यावर नजर ठेवतो, दुसरा अकस्मात आलेल्या संकटावर. खटका नेमका कोणी पाडला हे ओळखता आले की निदान अर्धे झाले.

खटक्यावरील आकडा काय सांगतो

खटक्याच्या दर्शनी भागावर सी १०, सी १६ अशी अक्षरे असतात. त्यांतील आकडा अँपिअरचा. १६ आकड्याच्या खटक्यातून १६ अँपिअरपर्यंत प्रवाह सतत वाहू शकतो. त्यामागील अक्षर दुसऱ्या पहारेकऱ्याची सहनशक्ती दाखविते. बी जातीचा खटका आकड्याच्या ३ ते ५ पट प्रवाहास तत्काळ पडतो, सी जातीचा ५ ते १० पट प्रवाहास. पाण्याचा पंप सुरू होताना क्षणभर नेहमीच्या अनेक पट प्रवाह ओढतो, म्हणून जेथे मोटार असते तेथे बहुधा सी जातीचा खटका योजतात.

कोणत्या यंत्राला किती प्रवाह लागतो हे काढण्याची रीत सोपी आहे. यंत्रावरील पट्टीवर वॅटचा आकडा लिहिलेला असतो, त्याला २३० ने भागावे. २३० हा घरगुती विजेचा दाब होय. पाणी तापविण्याचा २००० वॅटचा हीटर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते. ७५ वॅटचा जुना पंखा अँपिअरचा तिसरा हिस्साच घेतो, आणि ९ वॅटचा एलईडी दिवा तर इतका थोडा की तो हिशेबातून वगळला तरी चालेल. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. दिवे आणि पंखे यांच्या ओझ्याने खटका सहसा पडत नाही. जी यंत्रे उष्णता निर्माण करतात किंवा जड मोटार फिरवितात, त्यांच्याकडे प्रथम पाहावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. खटक्यावरील आकडा यंत्रासाठी नसून भिंतीतील तारेसाठी असतो. तांब्याच्या १.५ चौरस मिलिमीटर तारेवर साधारणतः ६ किंवा १० अँपिअरचा खटका बसवितात, २.५ चौरस मिलिमीटर तारेवर १६ किंवा २० अँपिअरचा. तारेचे वेष्टन तापून खराब होण्यापूर्वी वीज बंद व्हावी, हा त्या आकड्याचा हेतू. तार आणि खटका ही जोडी आहे. त्यांपैकी एकालाच बदलता येत नाही.

एका घरातील उदाहरण

हे नीट समजावे म्हणून एका शिक्षक कुटुंबाचे उदाहरण कल्पावे. घर जुने, तारजोडणी १.५ चौरस मिलिमीटरची, आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर व मधली खोली मिळून १० अँपिअरचा एकच खटका. थंडीच्या दिवसांत रोज सकाळी साडेसहाला खटका पडू लागतो. त्याच वेळी न्हाणीघरात २००० वॅटचा हीटर लावलेला असतो, मधल्या खोलीत १००० वॅटच्या इस्त्रीने मुलांचे गणवेश सारखे होत असतात आणि स्वयंपाकघरात १२०० वॅटच्या इंडक्शन शेगडीवर चहा होत असतो. तिन्हींची बेरीज ४२०० वॅट. भागाकार केला तर सुमारे १८ अँपिअर. १० अँपिअरच्या खटक्याने पडावे नाही तर काय करावे?

रोजच्या त्रासाला कंटाळून घरातील मंडळी गावातील एका हौशी कारागिराला बोलावतात. तो पाच मिनिटांत जुना खटका काढून ३२ अँपिअरचा बसवितो. दुसऱ्या दिवसापासून खटका पडत नाही. सर्वांना बरे वाटते. आता काहीच अडत नाही म्हणून भीड चेपते आणि महिन्याभरात १५०० वॅटचा एक लहान गिझरही त्याच जोडणीवर येतो. बेरीज ५७०० वॅट, म्हणजे जवळजवळ २५ अँपिअर. नवा खटका तोंडातून शब्द काढत नाही, कारण त्याची मर्यादा ३२ आहे.

भिंतीतील तार मात्र तीच राहिली. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १० अँपिअरऐवजी २५ अँपिअर, म्हणजे अडीचपट प्रवाह वाहिला की उष्णता सव्वासहापट होते. तारेवरचे नेहमीचे पीव्हीसी वेष्टन ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी केलेले असते. त्यापुढे ते मऊ पडते, पुढे कडक होऊन तडकते. सांधे सैल होतात, सैल सांधा अधिक तापतो, आणि अधिक तापल्याने अधिक सैल होतो.

एके दिवशी घरातील आजी म्हणते, "सूनबाई, मधल्या खोलीत काहीतरी करपल्यासारखा वास येतोय गं." स्वयंपाकघरात तर काहीच चुलीवर नसते. मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलाविले जाते. तो बोर्ड उघडतो तेव्हा सॉकेटच्या मागील बाजू काळवंडून वितळलेली आढळते, तारेचे वेष्टन बोट लावताच गळून पडते, आणि त्या बोर्डाला लागूनच मुलांच्या वह्यापुस्तकांची लाकडी फळी असते. आजीच्या नाकाने त्या दिवशी घर वाचविले. जे काम खटक्याने पंधरा पैशांची वीज न जाळता केले असते, ते एका वृद्ध स्त्रीच्या घ्राणेंद्रियावर येऊन पडले. ती त्या वेळी झोपलेली असती तर काय झाले असते, हे निराळे सांगावयास नको.

उपाय पुढीलप्रमाणे होतो. जळकी तार काढून नवी घातली जाते आणि तिच्यावर पुन्हा १० अँपिअरचाच खटका बसतो. हीटर, गिझर व शेगडी यांच्यासाठी मीटरजवळच्या मुख्य बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरच्या स्वतंत्र जोडण्या आणून त्यांवर १६ अँपिअरचे निराळे खटके बसतात. आणि इस्त्री आदल्या रात्री करावयाची, असा घरात नेम होतो. या शेवटच्या उपायास काहीच खर्च आला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

खटका पडण्याच्या चार तऱ्हा

पहिली तऱ्हा अतिभाराची. खटका वर केल्यावर काही मिनिटे सर्व ठीक चालते आणि मग तो पडतो. ठराविक वेळी, बहुधा सकाळी किंवा सायंकाळी पडतो. लगेच वर करू गेल्यास कधी कधी राहत नाही, कारण आतील पट्टी अद्याप निवालेली नसते.

दुसरी तऱ्हा शॉर्ट सर्किटची. फेज व न्यूट्रल या दोन तारा यंत्राच्या आधीच एकमेकींस भिडल्या म्हणजे प्रवाह शेकडो अँपिअरवर जातो. खटका वर करताच "टक्" करून पडतो, कधी ठिणगी दिसते, कधी जळका वास येतो. उंदराने कुरतडलेली तार, प्लगमध्ये सैल झालेले तारेचे केस, बोर्डात शिरलेली पाल, भिंतीत ठोकलेला खिळा ही याची नेहमीची कारणे होत.

तिसरी तऱ्हा गळतीची. ओल्या भिंतीतून, झिजलेल्या हीटरमधून किंवा पंपाच्या भिजलेल्या वेटोळ्यातून थोडा प्रवाह जमिनीत जातो. "नळाला करंट उतरतो" असे लोक म्हणतात ते हेच. हा प्रवाह इतका थोडा असतो की साध्या खटक्याला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी आरसीसीबी नावाचे निराळे उपकरण लागते. बाजारात त्याला पुष्कळदा जुन्या नावाने ईएलसीबी म्हणतात.

चौथी तऱ्हा खटक्याच्या स्वतःच्या दुखण्याची. त्याच्या स्क्रूखालील तार सैल असेल तर तेथे उष्णता निर्माण होते आणि ओझे कमी असूनही आतील पट्टी वाकते. खटक्याचा आकडा ३० अंश तापमान धरून ठरविलेला असतो. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या पेटीवर दुपारचे ऊन येत असेल, तर तोच खटका थोड्या कमी ओझ्यालाही पडू शकतो. फार जुना खटकाही कमकुवत होतो. परंतु "खटकाच खराब आहे" हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. पुष्कळ घरांत तो सर्वांत आधी काढला जातो.

शोध कसा घ्यावा

वास येत असेल, बोर्ड गरम लागत असेल, धूर किंवा काळे डाग दिसत असतील, अथवा भिंत ओली असेल, तर शोध घेऊच नये. मेन स्विच सुरक्षितपणे बंद करता येत असेल तर करावा आणि वायरमनला बोलवावे. पेटीशीच धूर वा ओल असेल तर दूर राहून वीज कंपनीस कळवावे. अन्यथा पुढील क्रम पाळावा.

हात कोरडे करून, पायांत चपला घालून पेटीसमोर उभे राहावे. नेमके काय पडले आहे ते पाहावे: एखादा लहान खटका, आरसीसीबी की मुख्य स्विच. काही खटक्यांचा दांडा पडल्यावर पूर्ण खाली न येता मध्येच थांबतो. असा दांडा आधी पूर्ण खाली करून मगच वर करावा लागतो.

मग त्या जोडणीवरील प्रत्येक यंत्राचा प्लग काढावा. बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लगच काढावा. दिव्या-पंख्यांची बटणे बंद करावीत. दोन-तीन मिनिटे थांबून खटका एकदा वर करावा. काहीही जोडलेले नसताना तो पडला, तर दोष भिंतीतील तारेत किंवा खटक्यात आहे. तेथे घरातील माणसाचे काम संपले, वायरमनचे सुरू झाले. पुन्हा पुन्हा खटका वर करून पाहणे म्हणजे दोषाच्या जागी पुन्हा पुन्हा आग लावून पाहणे होय.

तो वर राहिला, तर एकेक यंत्र जोडीत जावे आणि प्रत्येकानंतर काही वेळ थांबावे. एखादे यंत्र लावताच खटका पडला तर गुन्हेगार सापडला. ते यंत्र बाजूला ठेवून दुरुस्तीस द्यावे. कोणतेही एक यंत्र खटका पाडत नाही पण दोन-तीन मिळून पाडतात, असे आढळले तर दोष कोणाचाच नाही, ओझे वाटून घेण्याचा प्रश्न आहे.

हे करताना एका वहीत तीन रकाने आखावेत: खटका कधी पडला, त्या वेळी काय काय चालू होते, आणि बाहेर पाऊस होता की नाही. आठवडाभराची ही टिपणे वायरमनच्या हाती दिली तर त्याचा निम्मा वेळ वाचतो. रोग्याचे दुखणे कधी वाढते हे सांगता आले की वैद्याला निदान सोपे जाते, तसेच हे आहे.

आरसीसीबी पडली असेल तर त्यामागील सर्व लहान खटके खाली करून आरसीसीबी वर करावी आणि मग एकेक खटका वर करीत जावे. ज्या खटक्याबरोबर ती पडते, त्या जोडणीत गळती आहे. मात्र सर्व लहान खटके खाली असूनही ती पडत असेल तर न्यूट्रल तार कोठेतरी जमिनीला लागली असण्याचा संभव असतो, कारण साधा एकेरी खटका फेज तोडतो, न्यूट्रल तोडत नाही. इन्व्हर्टर बसविल्यापासून आरसीसीबी पडू लागली असेल, तर दोन जोडण्यांच्या न्यूट्रल तारा एकत्र झाल्या आहेत काय, हे वायरमनकडून पाहून घ्यावे.

पावसाळ्यातील शाळा

आता घरातून शाळेकडे वळावे. शाळेत आज संगणक आहे, प्रोजेक्टर आहे, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे आणि कोठे कोठे पाण्याच्या टाकीसाठी पंप आहे. जुलै महिन्यात एके दिवशी प्रोजेक्टरवर पाठ दाखवावयाचा असतो, वर्ग भरलेला असतो, आणि आरसीसीबी काही केल्या वर राहत नाही. अशा वेळी कोणीतरी सुचवितो, "बाई, ती मधली डबी काढून तारा सरळ जोडून देऊ. दोन मिनिटांचं काम आहे." पाठ पार पडेल, मुले आनंदित होतील. आणि व्हरांड्यातील पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राशी, ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून, एखादी पहिलीतील मुलगी पेला भरू लागेल.

आरसीसीबी काय करते हे शिक्षकाला एका नित्याच्या अनुभवावरून समजेल. मधल्या सुट्टीत चाळीस मुले बाहेर गेली आणि घंटा झाल्यावर एकोणचाळीसच आत आली, तर शिक्षक पाठ सुरू करीत नाही. आधी चाळीसावे मूल कोठे आहे ते पाहतो. आरसीसीबी फेजने गेलेला प्रवाह आणि न्यूट्रलने परत आलेला प्रवाह अखंड मोजीत असते. दोहोंत फरक पडला, म्हणजे काही प्रवाह परत न येता दुसऱ्याच वाटेने जमिनीत गेला. ती वाट कदाचित ओल्या भिंतीची असेल, कदाचित मुलाच्या शरीराची. घरगुती वापराच्या आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर असे लिहिलेले असते. तेवढा फरक होताच ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत वीज तोडते.

साधा खटका येथे उपयोगाचा नाही. माणसाच्या शरीरातून अँपिअरच्या काही शतांश इतका प्रवाह गेला तरी हृदयाची गती बिघडून मृत्यू ओढवू शकतो. ६ अँपिअरच्या खटक्याला तो जाणवणारही नाही. म्हणून घरात व शाळेत दोन्ही प्रकारची उपकरणे हवीत: साधा खटका तारांसाठी, आरसीसीबी माणसांसाठी. तरीही एक मर्यादा ध्यानात असू द्यावी. एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर प्रवाह गेला तितकाच परत येतो, आणि आरसीसीबीला काही वावगे दिसत नाही. उपकरण आहे म्हणून सावधगिरी सोडता येत नाही.

आरसीसीबीवर टी अक्षराचे एक बटण असते. ते दाबताच ती पडली पाहिजे. महिन्याच्या एखाद्या ठराविक दिवशी, संगणक बंद असताना, हे बटण दाबून पाहावे आणि नोंद ठेवावी. ती पडली नाही तर ती पेटीत असून नसल्यासारखी आहे.

अर्थिंगचाही विचार याच वेळी करावा. तीन पिनांच्या प्लगमधील मोठी पिन ही गळतीच्या प्रवाहाची सुरक्षित वाट आहे. ती मोडून दोन पिनांवर काम भागविणे हे मुलांदेखत शिक्षकाने कधीही करू नये. मीठ-कोळशाचा जुन्या पद्धतीचा अर्थिंगचा खड्डा असल्यास उन्हाळ्यात त्यात पाणी घालावे लागते, कारण कोरडी जमीन वीज नीट शोषून घेत नाही.

त्या जुलैच्या दिवशी बाईंनी करावयाचे ते एवढेच: त्या भागाची वीज बंद ठेवावी, पाणी शुद्ध करण्याच्या यंत्राजवळ मुलांना जाऊ देऊ नये, दोषाची लेखी नोंद मुख्याध्यापकांकडे द्यावी, आणि पाठ फळ्यावर शिकवावा. पुढे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तो विषय ठेवून परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून तपासणी करून घ्यावी. एक पाठ एक दिवस मागे पडला तर भरून काढता येतो.

काय करू नये

तारेची जाडी न पाहता अधिक आकड्याचा खटका बसवू नये. फ्यूजमध्ये हाती येईल ती तार बांधू नये. आरसीसीबी वगळून जोडणी करू नये. जाड पिनांचा प्लग कन्व्हर्टर लावून ६ अँपिअरच्या लहान सॉकेटमध्ये बसवू नये. एका एक्स्टेन्शन बोर्डावर हीटर व इस्त्री दोन्ही लावू नयेत. पाण्यात हीटर चालू असताना पाणी कढत झाले की नाही हे बोट बुडवून पाहू नये, आधी प्लग काढावा.

काही ठिकाणी खटक्याचा दांडा वर दोरीने बांधून ठेवलेला दिसतो. ते व्यर्थ आहे. दांडा वर धरला तरी आतील यंत्रणा आपले काम करून वीज तोडतेच, अशीच तिची रचना असते. ज्याने खटका बनविला त्याने मनुष्यस्वभाव ओळखला होता.

मीटरपर्यंतच्या भागातील दोष वीज कंपनीचा आणि मीटरपुढील जोडणीची जबाबदारी ग्राहकाची असते. मीटर, खांब किंवा डीपी यांना कोणीही हात लावू नये. त्यांच्या तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे. कोणाला विजेचा धक्का बसून तो चिकटला असेल तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करावे. नंतर लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खांबावरील तार तुटून पडली असेल तर मात्र लाकूड घेऊनही जवळ जाऊ नये.

वर्गात याचा उपयोग

हा विषय पाचवी ते सातवीच्या मुलांसमोर सहज मांडता येतो. भिंतीतील विजेला हात न लावता, टॉर्चच्या दोन सेलांवर फ्यूजचा प्रयोग होतो. दोन सेल एकापुढे एक ठेवून दोन तारा जोडाव्यात आणि त्यांच्या मोकळ्या टोकांमध्ये पोलादी लोकरीचा एकच बारीक धागा स्टीलच्या थाळीच्या वर, थाळीला न लागता, धरावा. धागा क्षणात लाल होऊन तुटतो. हा प्रयोग शिक्षकाने स्वतः करावा, मुलांनी हातभर अंतरावरून पाहावे, आणि जवळ कागद किंवा कापड असू नये. सेलच्या जागी घरातील सॉकेट कधीही वापरावयाचे नाही, हे आरंभी आणि शेवटी, दोनदा सांगावे.

गणिताच्या तासाला मुलांनी घरातील यंत्रांवरील वॅटचे आकडे मोठ्या माणसांना विचारून लिहून आणावेत. त्यांची बेरीज, २३० ने भागाकार आणि घरच्या खटक्याशी तुलना असा गृहपाठ द्यावा. दशांश अपूर्णांकांचा सराव होतो आणि एक-दोन घरांत त्या रात्री हीटर आणि इस्त्री एकदम लावणे थांबते. मूल घरी जाऊन "बाबा, हे दोन्ही एका वेळी लावायचं नाही" असे म्हणते, तेव्हा सभेतील भाषणाने होणार नाही इतके काम होते.

खटका पडला म्हणजे वीज रुसली असे गावात म्हटले जाते. वस्तुतः त्या घरात कोठेतरी ओझे अधिक झाले आहे, तार उघडी पडली आहे किंवा भिंतीत ओल शिरली आहे, आणि हे सांगण्यासाठी त्या लहानशा डबीजवळ पडण्यावाचून दुसरी भाषा नाही. तेव्हा ओट्यावर आलेल्या शेजाऱ्याला शिक्षकाने असे सांगावे: "मोठा बसवू नकोस, दादा. आधी तो कशासाठी पडतोय ते पाहू. वही आणि पेन्सिल घेऊन ये."